किती दिवसांचं?

शिरोलीच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं सेल्समध्ये काढली.
बॅग भरावी तर खराड्यानंच, असं ऑफिसात म्हणायचे
आणि मी ते खरं धरलं.

राजकोटला जाताना जड ते चाकांकडं.
ओतीव व्हॉल्व्हचे नमुने जुन्या बनियनात गुंडाळून तळाला,
बुटांच्या पोटात मोजे,
शर्ट घडी न घालता वळायचे, विड्यासारखे घट्ट,
आणि पट्टा कडेकडेनं, वेटोळं न घालता.
लुधियानाला थंडीत स्वेटर बॅगेत नाही, अंगावर.
लग्नाला निघताना थोडी जागा मोकळी,
नाहीतर येताना आहेराचं टॉवेल-टोपी डोक्यावर घेऊन यायचं का?
मयताला बॅग नकोच. कापडी पिशवी,
एक पंचा, सुट्टे पैसे.
तिथं कुणी बघत नाही काय आणलंस ते.

पण सगळ्याच्या आधी एक प्रश्न: किती दिवसांचं?
दिवस कळले की बॅग आपोआप भरते,
हे मी पोरांना शिकवलं, जावयालाही,
त्यानं विचारलं नव्हतं तरी.

आज राजारामपुरी नवव्या गल्लीत
पलंगावर बॅग उघडी टाकून मी उभा आहे.
मिरजेला जायचंय. शालनचं ऑपरेशन.
डॉक्टर म्हणाले, उघडल्यावर कळेल.
दिवसांचं काही बोलले नाहीत.

शालन खुर्चीत बसून सांगते,
पुढं बटणं असलेले गाऊन घ्या, डावीकडचा खण.
डावीकडच्या खणात माझेच रुमाल.
त्याच्या खालच्यात ओटीतली ब्लाउजपिसं, वर्षानुवर्षांची.
त्याच्या खाली एक पत्र्याचा डबा,
आत साबणाच्या वड्या, बोटभर, कागदासकट:
राजकोट, कोइमतूर, जालंधर,
दर खेपेला मी हॉटेलातून आणून
मोठ्या ऐटीत तिच्या हातात ठेवलेल्या.
एकीलाही पाणी लागलेलं नाही.
डब्याच्या झाकणात सुईदोरा, सेफ्टीपिना,
चटणीच्या पुडीपुरते कापून ठेवलेले कागद.

माझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात हे निघायचं नेहमी.
एकतीस वर्षं मला वाटायचं
ते बॅगेबरोबरच आलंय.

"सापडले का?"
सापडले. किती घेऊ, चार? सहा?
"अहो, लुधियानाला निघालोय का आपण?"
चादर आपली घ्या म्हणाली,
तिथल्या चादरीला कुणाचाच वास नसतो.
तांब्या, फुलपात्र, चष्म्याचं घर,
आणि ती डाळिंबी साडी.

दवाखान्यात साडी?
"येताना गाऊनवर येऊ?
जयसिंगपूरला भडंग घ्यायला उतरायचं असतं."

शेवटी लागणारं तळाला, हा माझा नियम.
सगळं पुन्हा उपसलं, साडी खाली घातली,
हातानं सपाट केली, अगदी नमुन्यासारखी.
"वर ठेवा," ती म्हणाली.
मी नियम सांगितला.
"तुमचा नियम राजकोटचा.
मला रोज बॅग उघडली की दिसली पाहिजे."

पुन्हा उपसलं.
ती डोळे मिटून बसली तेव्हा
जालंधरची वडी आतल्या कप्प्यात सरकवली,
सुईदोरा घातला. चटणी घातली नाही,
पथ्य काय सांगतील कोण जाणे.
मग पुडी बांधून तीही घातली.

चेन अर्ध्यात अडली. मेणबत्ती घासली, तरी अडली.
रिक्षावाला मुजावरांचा तौफिक वर आला,
गुडघा टेकवून एका दणक्यात लावून मोकळा.
"जड हाय की काका. किती दिवसांचं?"

मी बॅगेच्या चाकांकडं बघत राहिलो.

जिन्याच्या तोंडाशी शालन
समोरच्या माणगावे वहिनींना सांगत होती,
दूधवाल्याला येत्या रविवारपर्यंत नको म्हणा,
सोमवारपासून परत लिटरभर.

सोमवार तिनं कुठनं काढला
मी विचारलं नाही.